भुतियाला एकच मत कसं पडलं?

2 सप्टेंबर 2022 रोजी दिल्लीत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवार दोन आणि दोघेही माजी फुटबॉलपटू. एकीकडे बायचुंग भुतिया: भारताचा वर्षानुवर्षांचा कॅप्टन, 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळायला गेलेला स्ट्रायकर, फुटबॉल न पाहणाऱ्या घरांतही माहीत असलेलं नाव. दुसरीकडे कल्याण चौबे: मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडून खेळलेला गोलकीपर, पुढे राजकारणात गेलेला. निकाल लागला 33 विरुद्ध 1.

भुतियाच्या अर्जावर सूचक म्हणून आंध्र प्रदेशच्या संघटनेचं नाव होतं, अनुमोदक म्हणून राजस्थानच्या. मत मात्र एकच पडलं. बाकीचा हिशेब तुम्हीच करा.

नागपूरजवळच्या कामठीत फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी अजूनही विचारतं, "काहून हरला भाऊ तो? एवढा मोठा प्लेअर!" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर भुतियापुरतं नाही. खेळणं थांबल्यावर फुटबॉलपटूपुढे दोन वाटा असतात, कोचिंगची आणि संघटनेच्या कारभाराची. बाहेरून बघणाऱ्याला त्या एकच वाटतात. कोचिंगची वाट परीक्षांची आहे आणि तिचे नियम छापलेले आहेत. कारभाराची वाट मतांची आहे. तिचेही नियम छापलेले असतात, पण ते वाचून निवडून येता येत नाही. आणि तुम्ही किती गोल मारले, हे दोन्हीकडे फारसं कोणी विचारत नाही.

परीक्षांची वाट

आधी कोचिंग, कारण ते समजायला सोपं आहे.

भारतात फुटबॉल कोचच्या लायसन्सची उतरंड ठरलेली आहे: सगळ्यात खाली ई, मग डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. ई आणि डी एआयएफएफची स्वतःची, सीपासून वरची आशियाई महासंघाच्या, म्हणजे एएफसीच्या मान्यतेची. डी कोर्स साधारण सहा दिवसांचा असतो आणि त्याला वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात. वरच्या पायऱ्या लांबत जातात. एक लायसन्स मिळालं की लगेच पुढच्याला बसता येत नाही, मधल्या काळात प्रत्यक्ष कोचिंग केल्याचं दाखवावं लागतं. लायसन्सला मुदत असते आणि नूतनीकरणासाठी शिकत राहावं लागतं. डीपासून प्रोपर्यंत जायला वर्षांमागून वर्षं जातात. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो किंवा त्या तोडीचं लायसन्स लागतं.

पहिल्या कोर्सला गेलेला माजी खेळाडू गोंधळतो तो कागदापाशी. मैदानात वीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगितलं जातं: समोर बारा पोरं आहेत, वीस मिनिटं आहेत, विषय आहे पाठीवर डिफेंडर असताना चेंडू घेणं. आता किती जागा आखणार, चेंडू किती, पोरांचे गट कसे पाडणार, कोणती चूक दिसली की शिट्टी वाजवणार आणि थांबवल्यावर नेमकं काय बोलणार, हे आधी लिहून दे. हाफबॅक म्हणून त्याने ही गोष्ट हजार वेळा केलेली असते, पण ती आपण कशी करतो हे शब्दांत सांगायची वेळ आयुष्यात कधी आलेली नसते. खेळाडूचं ज्ञान पायात असतं, कोचला ते तोंडाने काढावं लागतं. म्हणूनच पुष्कळ मोठे खेळाडू कोच म्हणून चाचपडतात आणि मधल्या फळीतले, बदली खेळाडू म्हणून बाकावर बसून सामना वाचायची सवय लागलेले, बरेचदा पुढे जातात. हे माझं निरीक्षण, नियम नव्हे.

लायसन्सचा कागद किती कडक असतो, याचं उदाहरण सुभाष भौमिक. भारताचा नावाजलेला फॉरवर्ड. कोच म्हणून 2003 मध्ये त्यांनी ईस्ट बंगालला आसियान क्लब स्पर्धा जिंकून दिली, म्हणजे देशाबाहेर जाऊन करंडक आणला. पण पुढे आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगच्या, मुख्य कोचला ए लायसन्स सक्तीचं झालं आणि ते भौमिक यांच्याकडे नव्हतं. 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली, तेव्हा तिथे भौमिक यांचं पद होतं टेक्निकल डायरेक्टर. डोकं त्यांचं, पदनाम वेगळं. काहींना हा नियमाचा अतिरेक वाटला. मला तो योग्य वाटतो. एका भौमिकसाठी नियम वाकवला की उद्या प्रत्येक क्लबमालकाचा भाचा "अनुभवी" म्हणून डगआउटमध्ये बसेल.

उलट बाजूला खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असा महाराष्ट्रातच खेळलेला मिडफिल्डर. दुखापतींनी खेळ लवकर आटोपला, तशी मुंबई एफसीतच कोचिंगची सुरुवात केली आणि तिथल्या वरिष्ठ संघाची जबाबदारी मिळाल्यावर वर्षानुवर्षं तो संघ कमी पैशांत पहिल्या श्रेणीत टिकवला. 2016-17 मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, जो क्लब त्याआधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता आणि मग परत घेतला गेला होता. मग नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर. 1 ऑगस्ट 2025 रोजी ते भारताचे मुख्य कोच झाले. 2011-12 मधल्या साव्हियो मेडेइरांनंतर या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय. सुरुवात छान झाली, मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आला. पण ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि 2027 च्या आशियाई कपचं दार बंद झालं. कोचचं आयुष्य असंच असतं: सोळा वर्षांची चढण आणि तीन महिन्यांत मूल्यमापन.

आता नागपूरकरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट, कारण इथे पोरं हमखास अडकतात. कोचिंगचे कागद तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींची बाजारपेठ वेगळी. क्लब आणि अकादमी विचारतात एएफसीचं लायसन्स. सरकारी कोचची जागा निघाली की जाहिरातीत विचारतात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा. आणि शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. त्यासाठी विदर्भातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे जात आली आहेत. सी लायसन्स हातात घेऊन शाळेच्या मुलाखतीला गेलेला आणि बी.पी.एड. घेऊन क्लबच्या दारात उभा राहिलेला, दोघेही निराश होऊन परततात. आधी ठरवा काम कुठे करायचं आहे, मग कोर्सचे पैसे भरा.

एकाच माणसाकडे दोन्ही

लायसन्सच्या कितीतरी आधीच्या काळात, कोचिंग आणि कारभार एकाच माणसाने सांभाळला तर काय होतं, हे हैदराबादने बघितलं आहे.

सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, तरुणपणी बरे फुटबॉलपटू. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे ते 1943 पासून सचिव आणि 1950 पासून भारताचे कोच. 1963 मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन्ही पदं त्यांच्याकडेच होती. त्यांच्या काळात भारताने 1951 आणि 1962 चं आशियाई सुवर्ण जिंकलं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा नेला.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट करंडकांची नाही. रहीमसाहेबांना पोरांचं ड्रिब्लिंगचं, म्हणजे चेंडू एकट्यानेच पायाशी खेळवत नेण्याचं, वेड कमी करायचं होतं, पास द्यायची सवय लावायची होती. निव्वळ कोच असते तर सरावात ओरडत राहिले असते. ते सचिव होते, म्हणून त्यांनी स्पर्धाच तशा भरवल्या: ड्रिब्लिंगला मनाई असलेली स्पर्धा, फक्त कमजोर पायाने खेळायची स्पर्धा. डावखुऱ्याने उजव्याने मारायचं, उजव्याने डाव्याने. शहरातल्या सगळ्या क्लबांना एकच धडा एकाच वेळी.

खेळाडू कारभारात का हवा, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. भाषणात सांगितलं जातं की खेळाडूला खेळाडूचं दुःख कळतं. ते खरंही असेल. पण कळून उपयोग काय, वेळापत्रक जर दुसऱ्याच्या हातात असेल? कोच एक संघ सुधारतो. सचिव ठरवतो की जिल्ह्यातल्या बारा वर्षांच्या पोराला वर्षात तीन सामने मिळणार की तीस.

मतांची वाट, खालून वर

आता ती खुर्ची मिळते कशी ते बघू. नागपुरातूनच सुरू करू.

नागपूर आणि कामठीत फुटबॉल क्लबांचा आहे. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब, शिवाय रेल्वेचा संघ. मोतीबागच्या मैदानावर लीगचे सामने बघितलेल्यांना ही नावं सांगावी लागत नाहीत. हे क्लब जिल्हा फुटबॉल संघटनेचे सदस्य. जिल्ह्याची कार्यकारिणी क्लबांच्या मतांवर ठरते. जिल्हा संघटना मुंबईतल्या कूपरेजवरच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला, म्हणजे विफाला संलग्न, आणि तिथे मतं जिल्ह्यांची. विफा एआयएफएफची सदस्य, तिथे मतं राज्यांची. एआयएफएफ ही एएफसीची आणि जागतिक महासंघाची, म्हणजे फिफाची सदस्य. फिफाच्या 211 सदस्य देशांत भारताचं मत एक, आणि लोकसंख्या काही हजार असलेल्या बेटाचंही एक.

म्हणजे प्रत्येक मजल्यावर मतदार वेगळा. आणि कुठल्याच मजल्यावर प्रेक्षकाला मत नाही. खेळाडूला खेळाडू म्हणूनही मत नाही. मत संघटनेचं असतं आणि ते संघटनेने पाठवलेला प्रतिनिधी टाकतो. भुतियाची लोकप्रियता कोट्यवधींत मोजता येईल, पण त्या दिवशी मतपत्रिका 34 जणांच्याच हातात होत्या. त्या 34 जणांपुढचे प्रश्न वेगळे असतात: माझ्या राज्याला स्पर्धेचं यजमानपद मिळेल का, अनुदान वेळेवर येईल का, कुठल्या समितीत जागा मिळेल, राज्यातल्या सरकारशी कोणाचं जुळतं. यात लगेच काळंबेरं शोधायला नको. हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीतही हेच चालतं.

नागपूरच्या माणसासाठी यात एक जास्तीचा मजला आहे. क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळा आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशन थेट बीसीसीआयची सदस्य. म्हणून इथला पोरगा विदर्भाकडून रणजी खेळतो, तीनदा तो करंडक नागपुरात आला, आणि इथला पदाधिकारी एका टप्प्यात राष्ट्रीय मंडळात पोहोचतो. नागपूरचे शशांक मनोहर पेशाने वकील, क्रिकेटपटू म्हणून कोणाला माहीत नाहीत, पण बीसीसीआयचे अध्यक्ष झाले आणि पुढे आयसीसीचेही. फुटबॉलमध्ये विदर्भ असं काही नाहीच. इथल्या खेळाडूला राज्याराज्यांच्या संघांत होणाऱ्या संतोष ट्रॉफीसाठी महाराष्ट्राच्या संघात, मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या पोरांशी झुंजून जागा मिळवावी लागते. इथल्या पदाधिकाऱ्यालाही राज्यातल्या बाकी जिल्ह्यांची मनं जिंकावी लागतात, तेही आमसभेसाठी रात्रभर रेल्वेने जाऊन. तरी विदर्भाचा माणूस सर्वोच्च खुर्चीत बसलाच नाही असं नाही. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल विफाचेही अध्यक्ष राहिले आणि 2008 पासून 2022 पर्यंत एआयएफएफचेही. त्यांच्या काळात 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, 2019 मध्ये ते फिफा कौन्सिलवर निवडून गेले. तेही फुटबॉलपटू नव्हते.

आणि कारभार म्हणजे नेमकं काय? व्यासपीठ आणि पुष्पगुच्छ आपल्याला दिसतात, कामाचा तो सगळ्यात छोटा भाग. बहुतेक क्रीडा संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. दरवर्षी ऑडिट करून हिशेब सादर करायचे. कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट दाखल करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत जुनी आणि नवी मंडळी एकमेकांवर आक्षेप घेत बसतात. महाराष्ट्रात संघटनांची भांडणं मैदानापेक्षा या टेबलावर जास्त लढली जातात. शिवाय खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी, वयाचे दाखले तपासणं, एका क्लबमधून दुसऱ्यात जाणाऱ्याची ना-हरकत, रेफरी नेमणं, त्यांचं मानधन, मैदानाची परवानगी, ॲम्ब्युलन्स, शिस्तपालन समितीपुढे आलेली मारामारी. वयाच्या दाखल्यांचं काम एकट्याने केलं तरी माणूस शत्रू कमावतो. चौदा वर्षांखालच्या संघात सतरा वर्षांचा पोरगा पकडला की त्याचा बाप, कोच आणि नगरसेवक तिघेही फोन करतात.

हे सगळं करायला माजी सेंटर फॉरवर्ड कशाला हवा, असं वाटू शकतं. खरं सांगायचं तर यातलं निम्मं काम चांगला हेडक्लार्क उत्तम करेल.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करून टाकतो, कारण पालक नेहमी चुकीच्या दारावर जातात. शालेय स्पर्धा फुटबॉल संघटना घेत नाही. सुब्रतो कपसारख्या शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून चालतात, ते राज्य सरकारचं खातं आहे आणि तिथली खुर्ची निवडणुकीने नाही, भरतीने मिळते. विद्यापीठाच्या स्पर्धा विद्यापीठ घेतं. म्हणून माजी खेळाडूला कारभारात शिरायला तिसरं दारही आहे: अभ्यास करून क्रीडा अधिकारी होणं. मतं मागावी लागत नाहीत, बदली मात्र कुठेही होऊ शकते.

खेळाडूंना मत द्यायचं ठरलं होतं

2022 च्या त्या निवडणुकीआधी एक वेगळाच प्रयोग होऊ घातला होता. प्रफुल्ल पटेल यांच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर 2020 मध्येच संपली होती, निवडणूक लांबत होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी बाजूला केली आणि तीन जणांची प्रशासक समिती नेमली: निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि भारताचे माजी गोलकीपर-कॅप्टन भास्कर गांगुली. मतदारयादी ठरली ती अशी: 36 राज्य संघटनांचे प्रतिनिधी आणि 36 नामवंत माजी खेळाडू. निम्मी मतं खेळाडूंची!

फिफाला हे मान्य नव्हतं. तिचा नियम असा की राष्ट्रीय महासंघाचा कारभार बाहेरच्या कोणी चालवायचा नाही, न्यायालयाने नेमलेल्या समितीनेही नाही, आणि सदस्य संघटनांच्या तोडीस तोड व्यक्तींना मतं द्यायला तिचा विरोध होता. 15 ऑगस्ट 2022 रोजी, नेमक्या स्वातंत्र्यदिनी, फिफाने भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक व्हायचा होता, तो जाण्याची वेळ आली. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परतावं लागलं. न्यायालयाने घाईने प्रशासक समिती बरखास्त केली, खेळाडूंची 36 मतं काढली, आणि 26 ऑगस्टला निलंबन उठलं. आठवडाभराने निवडणूक झाली.

आता "काहून हरला" याचं उत्तर पूर्ण होतं. भुतिया ज्या मतदारांच्या भरवशावर उभा राहू शकला असता, ते यादीतूनच गेले होते. उरलेल्या यादीत चौबे यांच्या बाजूने आधीच जुळवाजुळव झाली होती. तरी चौबे हे एआयएफएफच्या 85 वर्षांच्या इतिहासातले पहिले माजी खेळाडू अध्यक्ष, हेही खरंच. भुतियालाही नंतर आय. एम. विजयन, शब्बीर अली, क्लायमॅक्स लॉरेन्स, तबाबी देवी आणि पिंकी बोंपाल मगर यांच्यासोबत खेळाडू-प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीत घेतलं गेलं.

माझं मत विचाराल तर 36 खेळाडूंची कल्पना चांगली होती आणि तिच्यात एक भोकही होतं. हे 36 निवडणार कोण? ती निवड राज्य संघटनांच्या हातात गेली, तर त्याच मंडळींची मतं दुप्पट होतील, एवढंच.

मग 2025 मध्ये दोन मोठे बदल झाले. एक, संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण, त्यात निदान दोन गुणवंत खेळाडू आणि निदान चार महिला, असं बंधन आलं. दोन, 19 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने एआयएफएफच्या नव्या घटनेला मंजुरी दिली, जिचा मसुदा निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांनी केला होता. त्यात कार्यकारिणी 14 जणांची, पैकी पाच नामवंत खेळाडू, आणि त्या पाचांत दोन महिला. नामवंत म्हणजे कोण, तर पुरुष खेळाडूने देशासाठी निदान पाच सामने खेळलेले हवेत, महिलेने दोन. मसुद्यात ही अट सात आणि तीन अशी होती, न्यायालयाने ती सैल केली. राज्यातलं आणि राष्ट्रीय पद एकाच वेळी सांभाळण्यावर बंधन घालणाऱ्या कलमावरून बराच काथ्याकूट झाला. तो का झाला, हे मजल्यांचा हिशेब लक्षात ठेवला तर कळतं: खालच्या मजल्यावरचा पाय सुटला की वरचं मतही सुटतं.

खेळाडू खुर्चीत बसला, मग?

इथे जरा कडू बोलायला हवं. चौबे अध्यक्ष झाल्यानंतरची वर्षं भारतीय फुटबॉलसाठी सुखाची गेली नाहीत. जून 2024 मध्ये राष्ट्रीय संघाचे कोच इगोर श्टिमाक यांना मुदतीआधी काढलं आणि करारातल्या तरतुदींवरून झालेल्या वादात शेवटी चार लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीशी 2010 मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपला. त्याआधी नवा करार झाला नाही, मोसम लटकला, निविदेला बोली आली नाही आणि पगार मिळेल की नाही या काळजीत खेळाडूंनी समाजमाध्यमांवर जाहीर विनवण्या केल्या. हा सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. घटनेचा खटला प्रलंबित होता, आधीच्यांचे निर्णयही होते. पण अध्यक्ष कधीकाळी गोलमध्ये उभा राहत होता म्हणून करार आपोआप चांगले होत नाहीत, एवढं तर दिसलं. कोच नेमतानाचा करार वाचायला वकील लागतो, किंवा निदान वकिलाचं ऐकणारा माणूस लागतो.

जगातही चित्र मिश्रच आहे. जर्मनीचे फ्रांत्स बेकेनबाउअर 1974 मध्ये कॅप्टन म्हणून विश्वविजेते, 1990 मध्ये कोच म्हणून, आणि 2006 च्या जर्मनीतल्या विश्वचषकाच्या संयोजन समितीचे प्रमुख. फ्रान्सचे मिशेल प्लातिनी थोर खेळाडू, मग देशाचे कोच, मग 2007 पासून युरोपीय महासंघाचे अध्यक्ष. 2015 मध्ये एका देयकाच्या प्रकरणात फिफाच्या नीती समितीने बंदी घातली आणि फिफाचं अध्यक्षपद हातातोंडाशी येऊन गेलं. स्विस न्यायालयांनी पुढे त्यांना निर्दोष सोडलं, पण तोवर खुर्चीत दुसरा बसला होता.

नागपूरचं सगळ्यात मोठं काम तर या दोन्ही वाटा सोडून झालं. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. आज तेच काम स्लम सॉकर नावाने चालतं, इथली पोरं बेघरांच्या विश्वचषकात देशाकडून खेळून आली, 2016 मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. तिथे खेळाडू म्हणून आलेले काही जण आता कोच आहेत. त्यासाठी ना कुठली निवडणूक लढवावी लागली, ना प्रो लायसन्सची वाट बघावी लागली. रहीमही शिक्षक, बारसेही शिक्षक. योगायोग असेल, पण मला तो लक्षात ठेवावासा वाटतो.

शेवटी, समजा कामठीतला तिशीतला एखादा खेळाडू हे वाचत असेल. पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट असलेलं दार त्याच्यासाठी नाही, हे आधीच मान्य करून टाकावं. डी लायसन्सचं दार आहे, आणि ते बायांसाठी तर आता जास्तच उघडं आहे: कायद्याने कार्यकारिणीत चार महिला हव्यात, पण कोचिंग केलेल्या, स्पर्धा चालवलेल्या, हिशेब ठेवलेल्या महिला राष्ट्रीय पातळीवर आणायच्या कुठून, हा प्रश्न आहे. मेमोल रॉकी खेळाडू म्हणून सुरुवात करून राष्ट्रीय महिला संघाच्या कोच झाल्या. अशी नावं अजून थोडीच आहेत.

आणि दुसरं दार म्हणजे आपल्याच क्लबचं ऑफिस. जिल्हा संघटनेच्या आमसभेला क्लबतर्फे कोण जाणार, याचं एक पत्र क्लबच्या लेटरहेडवर दिलं जातं. मत त्या पत्रावरच्या नावाचं. ते नाव सध्या कोणाचं आहे आणि शेवटचं कधी बदललं, हे सेक्रेटरीला विचारून बघा.